रक्तातल्या प्रथिनांवरून हृदयाचं आणि आयुष्याचं काय कळतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजून घेतलाय का ते तुम्हालाही कळेल. वय ४६, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे, वजन ९४ किलो. वडील तंबाखू खायचे आणि ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. पण त्यांची आई, म्हणजे तुमची आजी, ९३ वर्षं जगली. तुम्ही एक मोठं हेल्थ पॅकेज केलंत. त्यात ‘जैविक वय ५४’ आलं, एचएस-सीआरपी ४.८, जीडीएफ-१५ वाढलेलं, एनटी-प्रोबीएनपी ३८, लायपोप्रोटीन ए ९६, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११८, ट्रायग्लिसराइड २३०. तपासणीच्या तीन आठवडे आधी तुम्हाला ताप येऊन गेला होता आणि गुडघे अजून दुखतात. ही प्रथिनं आयुष्य किती ते खरंच सांगतात का, आणि तुम्ही आजीवर गेलाय की वडिलांवर, हे तुम्हाला हवंय. आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय. तिच्याकडे शेवटी येतो, कारण खरं सांगायचं तर मला तुमच्यापेक्षा तिची जास्त काळजी वाटली.

मी फिजिशियन आहे, हृदयाचे आणि मधुमेहाचे रुग्ण बघण्यातच माझी बहुतेक प्रॅक्टिस गेली. तुम्हाला मी तपासलेलं नाही. तुमचं बीपी, ईसीजी, लघवीतलं अल्ब्युमिन, किडनीचा रिपोर्ट यातलं काही माझ्यासमोर नाही, आणि खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी त्यावर बदलू शकतात. तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या. त्यांना काय विचारायचं, एवढं मी सांगू शकतो.

तुम्ही घाबरलात ते जैविक वयाला आणि जीडीएफ-१५ला. एलपी लिटल ए, म्हणजे आपण ज्याला लायपोप्रोटीन ए म्हणतो, त्याचा आकडा तुम्ही जाता जाता लिहिलाय. मी हाच रिपोर्ट उलट्या क्रमाने वाचेन. का, ते कळायला आधी एक भेद लक्षात घ्यावा लागेल.

रक्तातल्या एखाद्या प्रथिनाचं मृत्यूशी नातं दिसलं, की ते प्रथिन आरोपी आहे की साक्षीदार, हे विचारायचं. आरोपी स्वतः धमनी खराब करतो. त्याला कमी केलं तर रुग्णाचा फायदा होतो. साक्षीदाराने फक्त घडलेलं पाहिलेलं असतं. त्याची साक्ष मोलाची असते, पण त्याला शिक्षा करून काही साधत नाही. काही प्रथिनं तर बचाव करायला आलेली असतात, आणि गर्दीत सापडली म्हणून संशयित ठरतात. आजकालची यंत्रं एका नमुन्यातून हजारो प्रथिनं मोजतात. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या मोठ्या आरोग्य-प्रकल्पाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातली २,९२३ प्रथिनं मोजली होती. एवढी प्रथिनं मोजली की मृत्यूशी नातं असलेली शेकड्याने सापडतात. त्यातले आरोपी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सुरुवात जीडीएफ-१५ पासून करू, कारण तुमच्या बाबतीत त्याचा उलगडा सोपा आहे. पेशींवर ताण आला की हे प्रथिन रक्तात वाढतं. ताण हृदयाचा असो, किडनीचा, कर्करोगाचा किंवा नुसत्या वयाचा. आइसलँडच्या डीकोड कंपनीने सुमारे २३ हजार लोकांमध्ये हजारो प्रथिनं तपासून २०२१ साली जो अभ्यास मांडला, त्यात मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं याच प्रथिनाचं निघालं. तुमच्या पॅकेजवाल्यांनी ते याच कारणाने यादीत घातलं असणार. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये जीडीएफ-१५ औषधामुळेच वाढतं. मधुमेहींच्या ‘ओरिजिन’ या मोठ्या चाचणीतल्या ८,४०१ जणांच्या रक्तात २३७ घटक तपासले, तेव्हा मेटफॉर्मिनशी इतकं स्पष्ट जोडलेलं हेच एक सापडलं. डोस जास्त तर आकडाही जास्त. मेटफॉर्मिनने भूक आणि वजन थोडं कमी होतं त्यात या प्रथिनाचाही वाटा आहे, असं पुढच्या संशोधनात दिसलं. म्हणजे तुमच्या बाबतीत हा साक्षीदार बहुधा तुमच्या गोळीबद्दल बोलतोय. मेटफॉर्मिन बंद करू नका आणि ही तपासणी पुन्हा करू नका. रिपोर्टच्या खाली ‘रुग्ण कोणती औषधं घेतो’ हा रकानाच नसतो, याची मला दर वेळी चीड येते.

एचएस-सीआरपी ४.८. हे यकृतात तयार होणारं प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं आणि आजही शरीरात जळजळ चालू असल्याची ती सर्वांत स्वस्त खूण आहे. हृदयाच्या हिशोबात १च्या खाली उत्तम, १ ते ३ मध्यम आणि ३च्या वर जास्त मानतात, पण हे सगळं माणूस ठणठणीत असताना. तुम्हाला तापानंतर तीन आठवड्यांनी अजून सांधे दुखतायत. चिकुनगुनियासारख्या तापानंतर अशी दुखणी महिनोन् महिने रेंगाळतात. हिरड्या सुजल्या असतील तरी सीआरपी थोडं वर राहतं, आणि पोटाच्या चरबीनेही राहतं. दुखणं पूर्ण थांबल्यावर दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा आणि सरासरी धरा. तोवर या आकड्याला काही अर्थ चिकटवू नका.

सीआरपी स्वतः आरोपी आहे का, हे बघायला संशोधकांनी एक सुंदर मार्ग काढला. काही लोकांत जन्मतः अशी जनुकं असतात की त्यांचं सीआरपी आयुष्यभर थोडं जास्त राहतं. कुणाच्या वाट्याला कोणतं जनुक येईल हे निव्वळ योगायोगाने ठरतं. त्यात सिगारेट, पगार, आहार यांचा हात नसतो. सीआरपीच धमन्या खराब करत असेल, तर या लोकांना हार्ट अटॅक जास्त यायला हवेत. २००९ आणि २०११ साली आलेल्या मोठ्या अभ्यासांत तसं काही दिसलं नाही. सीआरपीच्या वरच्या पायरीवर असलेल्या, जळजळीचा निरोप पोचवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाच्या साखळीत मात्र असं नातं सापडलं. मग २०१७ साली ‘कॅन्टॉस’ चाचणी आली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये त्याच साखळीवर घाव घालणारं कॅनाकिनुमॅब हे औषध तपासलं. मधल्या डोसला हृदयाच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. पण जीवघेण्या संसर्गांचं प्रमाण वाढलं आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

हृदय सुधारलं म्हणजे आयुष्य आपोआप वाढलंच, असं नसतं. जी जळजळ धमनीला त्रास देते तीच जंतूंशी लढते. प्रथिन हृदयासाठी चांगलं की वाईट आणि आयुष्यासाठी चांगलं की वाईट, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पॅकेजच्या जाहिरातींत ते बेमालूमपणे एक केलेले असतात.

आता तुमच्या आजीकडे, म्हणजे दीर्घायुष्याकडे वळतो. यातलं सर्वांत गमतीचं प्रथिन एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की तिथल्या स्नायूपेशी बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतात. ते मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरवू बघतं. एनटी-प्रोबीएनपी हा ते तयार होताना तुटून पडलेला तुकडा. तो रक्तात जास्त वेळ टिकतो म्हणून आपण तो मोजतो. टोकियोच्या केओ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली जपानमधल्या १,४२७ अतिवृद्धांचा अभ्यास मांडला. त्यात ११० वर्षं ओलांडलेले ३६ जण होते. इतक्या वयात कोलेस्टेरॉल, साखर यांचा अंदाज फारसा उपयोगी पडत नाही. तरीही ज्यांचं एनटी-प्रोबीएनपी कमी होतं त्यांची ११०च्या पुढे जाण्याची शक्यता जास्त दिसली. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, चांगलं असणंही सगळ्या वयोगटांत आयुष्याशी जोडलेलं होतं. ज्यांचं हृदय शंभरीतही ताणाशिवाय चालतं, तेच पुढे जातात, असा त्याचा साधा अर्थ.

मग हे प्रथिन वाईट का? इथे गोष्ट उलटते. अमेरिकेतल्या ‘एरिक’ या दीर्घकालीन अभ्यासातून २०१७ साली असं पुढे आलं, की ज्या लोकांत जन्मतः हे प्रथिन जास्त बनवणारा जनुकाचा प्रकार असतो, त्यांचा रक्तदाब थोडा कमी राहतो आणि मृत्यूचं प्रमाणही कमी असतं. म्हणजे ताणामुळे वाढलं तर वाईट लक्षण, जन्मजात जास्त असलं तर वरदान. संप्रेरक तेच, काम तेच. हार्ट फेल्युअरमध्ये आम्ही सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन देतो. त्यातलं सॅक्युबिट्रिल बीएनपीसारख्या संप्रेरकांना तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. २०१४च्या ‘पॅराडाइम-एचएफ’ चाचणीत या जोडगोळीने एकूण मृत्यू जुन्या औषधाच्या तुलनेत १६ टक्क्यांनी घटवले. ज्या प्रथिनाचा वाढलेला आकडा पाहून आम्ही सावध होतो, त्याच्याच भावंडांना रक्तात टिकवून आम्ही रुग्णाला जगवतो. म्हणून नुसता ‘वाढलंय, कमी करा’ हा विचार प्रथिनांच्या बाबतीत चालत नाही.

तुमचा आकडा ३८ आहे. ओपीडीत चालत येणाऱ्या माणसात १२५च्या खाली आम्ही सहसा हार्ट फेल्युअरची शंका सोडून देतो, तेव्हा हा चांगला आहे. मात्र वजन जास्त असलेल्यांत हा आकडा मुळातच कमी येतो, त्यामुळे ९४ किलोच्या माणसाने ३८ बघून फार निर्धास्त होऊ नये. किडनीचा आजार, वाढतं वय आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) यांत तो उलट जास्त येतो. मधुमेहात वर्षातून एकदा हे किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बघावं असा सल्ला आता दिला जातो, आणि मला तो पटतो, कारण आकडा वाढलेला दिसला तर पुढे करण्यासारखं काही असतं. आयर्लंडमधल्या ‘स्टॉप-एचएफ’ अभ्यासात बीएनपी वाढलेल्यांना वेळेत इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि तज्ज्ञांची देखरेख मिळाली, तेव्हा हृदयाची ताकद बिघडण्याचं प्रमाण कमी झालं. नुसतं रक्त काढून ते कमी झालं नसतं.

जैविक वय ५४ची भीती मी फार लवकर संपवतो. अशा अनेक रिपोर्टांत २०१८ साली मांडलेलं ‘फेनोएज’ नावाचं सूत्र वापरतात. त्यात अल्ब्युमिन, साखर, सीआरपी, क्रिएटिनिन, पांढऱ्या पेशी अशा नऊ तपासण्या आणि खरं वय जातं. तुमच्या लॅबने तेच वापरलं असेल, तर मधुमेह आणि तापानंतरचं सीआरपी या दोनच गोष्टींनी वय वर ढकललं असणार. हजारो प्रथिनांवरून काढलेलं वय जास्त शास्त्रीय वाटतं, पण तिथेही आत डोकावून बघा. स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ साली अकरा अवयवांचं वय रक्तातल्या प्रथिनांवरून काढलं. ज्यांच्या हृदयाचं वय पुढे धावत होतं त्यांना हार्ट फेल्युअरचा धोका अडीच पट जास्त होता. काम उत्तमच आहे. पण त्या ‘हृदयाच्या वया’त सर्वांत जास्त वजन होतं एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिनला, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही होणाऱ्या तपासण्यांना.

आता आरोपी. तुमचं लायपोप्रोटीन ए ९६ आहे, आणि तुमच्या अख्ख्या रिपोर्टमध्ये मला महत्त्वाचा वाटलेला आकडा हाच.

हा एलडीएलचाच एक कण असतो, फक्त त्याला अपोलायपोप्रोटीन ए नावाचं एक जादा प्रथिन जोडलेलं असतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते. व्यायाम, तेल बदलणं, वजन उतरवणं यांनी ती हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर, किंवा दुसऱ्या एककात १२५ नॅनोमोलच्या वर, ती जास्त मानतात. तुमच्या मजकुरात एकक नाहीये. कागद परत बघा. ९६ मिलिग्रॅम असेल तर खूप जास्त, ९६ नॅनोमोल असेल तर मध्यम. दोन्हींचं एकमेकांत नेमकं रूपांतर होत नाही, कारण या प्रथिनाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. पुढचं सगळं मी मिलिग्रॅम धरून लिहितोय.

हा आरोपी आयुष्यापर्यंत पोचतो का? पोचतो. जवळपास ७० हजार लोकांच्या डॅनिश अभ्यासात ज्यांची पातळी ९३ मिलिग्रॅमच्या वर होती, त्यांच्यात १०च्या खाली असलेल्यांच्या तुलनेत हृदयरोगाने मृत्यू सुमारे ५० टक्के जास्त आणि एकूण मृत्यू सुमारे २० टक्के जास्त होते. २०१७ साली सहा लाखांहून अधिक आईवडिलांचं आयुष्यमान आणि त्यांच्या मुलांची जनुकं ताडून पाहिली गेली, तेव्हा आयुष्याशी जोडलेल्या मोजक्या जनुकीय जागांमध्ये या प्रथिनाचं जनुक निघालं. २०२२ साली एडिंबरा विद्यापीठाच्या गटाने शेकडो प्रथिनं चाळली आणि वार्धक्याशी कार्यकारण नातं असलेली दोन बाजूला काढली: एक अपोलायपोप्रोटीन ए, दुसरं व्हीकॅम-१. हे दुसरं धमनीच्या आतल्या अस्तरावर असतं आणि प्रतिकारपेशींना तिथे चिकटवून घेतं. दोन्हींचा मुक्काम रक्तवाहिनीच्या भिंतीशी, हे मला बोलकं वाटतं.

भारतीयांमध्ये लायपोप्रोटीन ए वाढलेलं असण्याचं प्रमाण जास्त आहे. साधारण चारात एक, असं धरतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ते तपासावं असं म्हटलंय. तरीही पन्नाशीच्या आत अटॅक आलेल्या माणसाच्या फायलीत ही तपासणी सापडत नाही, हे मी नेहमी बघतो.

हा आकडा खाली आणणारं, सर्रास देता येईल असं औषध आज आपल्या हातात नाही. मग करायचं काय? त्याच्या साथीदारांना पकडायचं. तुम्हाला मधुमेह आहे, वडिलांचा इतिहास आहे आणि त्यात हे. माझ्या ओपीडीत असा माणूस आला तर ११८ एलडीएलला मी ‘नॉर्मल’ म्हणत नाही, ते ७०च्या खाली आणतो, आणि त्यासाठी पहिलं औषध कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. स्टॅटिनने लायपोप्रोटीन ए कमी होत नाही, पण एकूण धोका कमी होतो, आणि आयुष्याच्या बाबतीत इथला पुरावा भक्कम आहे. १९९४च्या स्कँडिनेव्हियन ‘४एस’ चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये सिमव्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. तुम्ही हृदयरुग्ण नाही, तेव्हा तुमचा फायदा याहून लहान असेल, पण दिशा तीच. लवकर सुरुवातीचं महत्त्व पीसीएसके-९ या, रक्तातलं एलडीएल वाढवणाऱ्या प्रथिनाने दाखवलं. २००६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये असे लोक सापडले, की ज्यांच्यात ते जन्मतः अर्धवटच काम करत होतं. त्यांचं एलडीएल फक्त २८ टक्के कमी होतं, पण हृदयविकार ८८ टक्के कमी. थोडी घट, पण आयुष्यभर.

ट्रायग्लिसराइड २३० आहे म्हणून एकदा अपोबी तपासून घ्या. धमनीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर एकच अपोबी असतं, त्यामुळे कणांची खरी संख्या कळते. मधुमेहात एलडीएलचा आकडा ती कमी दाखवू शकतो. ॲस्पिरिन मात्र मनाने सुरू करू नका.

आजीवर की वडिलांवर, याचं उत्तर यातून मिळत नाही. लायपोप्रोटीन एचं जनुक आई आणि वडील दोघांकडून एकेक येतं. आजीचं चांगलं जनुक वडिलांपर्यंत पोचलंच नसेल, किंवा तुमचं जास्तीचं जनुक आईकडून आलं असेल. शिवाय वडिलांच्या बाबतीत तंबाखूचा हिशोब वेगळाच. म्हणूनच तुमच्या बहिणीने आणि मुलांनी ही एक तपासणी एकदा करावी. बाकीचं पॅकेज त्यांना नको.

एका वाक्यात तुमचं काम: तुम्ही बरे झाल्यावर सीआरपी दोनदा, जीडीएफ-१५ पुन्हा नाही, एनटी-प्रोबीएनपी वर्षाने, अपोबी एकदा, लायपोप्रोटीन एचं एकक आज, आणि एलडीएलबद्दल डॉक्टरांशी बोलणं याच महिन्यात.

आता आई. तुम्ही लिहिलंय, ‘आई ७१ वर्षांची आहे, जिना चढताना हल्ली दमते, पायाला सूज असते, दोन्ही हातांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन मागे झालंय, तिचंही हेच पॅकेज करू का?’ नको. दम आणि सूज ही वयाची म्हणून सोडून देऊ नका. त्यांना ईसीजी, टूडी इको, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि एनटी-प्रोबीएनपी हवं. दोन्ही मनगटांचं ऑपरेशन (कार्पल टनेल म्हणजे मनगटाच्या बोगद्यात नस दबणं) हा मुद्दा डॉक्टरांना आवर्जून सांगा. ट्रान्सथायरेटिन नावाचं रक्तातलं एक प्रथिन उतारवयात काही जणांमध्ये घडी बिघडून हृदयाच्या स्नायूत आणि मनगटाच्या बोगद्यात साचतं. मनगटाचा त्रास हृदयाच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतो. कार्पल टनेलची साधी कारणं कितीतरी जास्त असतात आणि हा आजार बायकांत कमी दिसतो, त्यामुळे शक्यता लहान आहे. पण इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसली आणि ईसीजीतल्या लहरी त्या मानाने लहान असल्या, तर पुढे काही रक्त-लघवीच्या तपासण्या आणि हृदयात साचलेलं हे प्रथिन दाखवणारा टेक्निशियमचा स्कॅन लागतो. टाफॅमिडिस या औषधाने अशा रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे २०१८ साली ४४१ रुग्णांच्या चाचणीत दिसलंय, आणि फायदा लवकर सुरू केल्यावर जास्त. तुमची स्वतःची फाइल दोन आठवडे थांबली तरी चालेल. त्यांची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या. रात्री आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर तेवढंही थांबू नका.